रंगरावचा दुसरा बार

…तर काल कुठं थांबलो होतो? हां, घोड्यापाशी. रंगरावनं बार काढला त्या वरातीचं आमच्या वडनेरात ज्याला विचारावं तो म्हणतो, "मी मागं होतो." मी समताला म्हटलं, "सारेच मागं होते, तं मंग वरातीपुढं नाचे कोन वं? घोडा?" पोरगी एवढी हसली की कॅमेरा हलला.

ही समता खामगावची. वरातीत बंदुकीनं माणसं मरतात, त्यावर माहितीपट करते आहे. मला वाटलं, बंदूक दाखवेल, रक्त दाखवेल. छे! तिची रीत न्यारी. बंदूक दाखवायचीच नाही. लग्नाच्या व्हिडिओतला आवाज तेवढा ऐकवायचा, ऐकणाऱ्याच्या तोंडावर कॅमेरा लावायचा आणि गप बसायचं. मला हे फार आवडलं बुवा. गप बसणं मला जन्मात जमलं नाही, म्हणून ज्याला जमतं त्याचं कौतुक वाटतं.

पण सांगायचं होतं रंगरावचं.

रंगराव आणि मी गावच्या शाळेत एकाच तरटावर बसलो. पुढं रानडुकरांपायी त्यानं शेतरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक घेतली. बंदुकीची दारू आणि छर्रे तो कागदाच्या पुड्यांत बांधून ठेवी. आमच्याकडे नवरदेव मारुतीपाशी पोचला की बार काढायची हौस. त्यासाठी वेगळ्या पुड्या, नुसत्या दारूच्या, छर्रे नाहीत. बार एकच. पण त्या एका बारासाठी लोक लग्नाची पत्रिका आधी रंगरावला देत, मग मामाला. मामा रुसत!

ज्याचा हा व्हिडिओ, त्या लग्नाला मी नव्हतो, नांदुऱ्याला लेकीकडे होतो. पहिला बार झाला. गर्दीतून ओरडा उठला, अजून एक. दुसरी पुडी आणलीच नव्हती. रंगरावनं घाईत खिशात हात घातला, तर शेतातली, डुकरांसाठीची छर्ऱ्यांची पुडी हाताला लागली, आणि तीच त्यानं न बघता ठासली. समोरच्या गच्चीवर गावातल्या उकंडरावची लेक छाया वरात पाहत उभी होती. बारावीची पोर. तिथंच गेली.

शिक्षा भोगून रंगराव आला तेव्हा घर होतं, घरात माणूस नव्हतं. बायको वारलेली, लेक पुण्याला, फोनही सणासुदीला. पत्रिका कोणी देत नाही. वरात आली की हा दार लावून घेतो. पंगतीचा वास घरात येतो आणि हा आपली भाकर थापतो. एकदा मी गेलो, तर बातम्या सांगणाऱ्या रेडिओतल्या बाईला "हो का?" म्हणत होता. मी खूप हसलो. तोही हसला.

परवा समताला त्याच्याकडे मीच नेलं. तिनं कॅमेरा लावला, मोबाइल मधे ठेवला. बँड, शिट्ट्या, पहिला बार. मग आवाज: "अजून एक होऊ द्या, रंगराव!" "हाना!" "घाबरला काय बे?" कितीतरी गळे. दुसऱ्या बाराच्या आधी तिनं बंद केलं. तेवढी माया पोरीत आहे.

"बाबा," ती म्हणाली, "हा व्हिडिओ कोर्टात कोणी दिलाच नव्हता. नवरदेवाच्या बहिणीनं आता मला दिला. हे आवाज कोणाचे, ते गाव सांगत नाही. तुम्ही ओळखता?"

रंगराव मोबाइलकडेच बघत होता.

"नावं सांगा. तुम्ही एकटे नव्हते, हे फिल्ममध्ये येईल. उकंडरावकाका बघणार आहेत."

मी टुणकन उठलो. "सांग बे रंग्या! सारं गाव मागं, अन् तू एकलाच पुढं काऊन?"

उकंडराव त्याच्या दारावरून जाताना मान फिरवून जातो. त्यानं एकदा ओसरीवर टेकावं, एवढ्यासाठी रंगराव झुरतो, हे मला ठाऊक. मला वाटलं, आता सुटला हा.

त्यानं मोबाइल पालथा घातला. कॅमेऱ्याकडे नाही, समताकडे बघून बोलला. जसंच्या तसं लिहितो:

"वळखतो माय, साऱ्यायले वळखतो. त्याच्यातला एक अजून आयतवारी येते माह्याकडं. चाय पेते, पिकापान्याचं बोलते, जाते. त्या दिवसाचं तो बी काढत नाही, मी बी काढत नाही. नाव घेतलं तं तो बी यायचा नाही. उकंडरावले एवढंच दाखव, पुडी म्या ठासली."