ओट्यावरचं फडकं

भुसावळहून निघाले त्या सकाळी आईने माझ्या हातावर दही ठेवलं आणि लगेच दोरीवरची गोधडी काढायला धावली. का, तर दारात सगळ्यांचा फोटो काढायचा होता. झाडू आत गेला, बाबांचं बनियन आत गेलं, आईने जरीची साडी नेसली. गाडी चुकेल म्हणून बाबा चिडले, तरी ती बादली लपवूनच आली. "चार लोक बघतात, घराची शोभा नको जायला," हे तिचं ठरलेलं वाक्य.

तो फोटो घेऊन मी चंदीगडला आले. आयटी पार्कात नोकरी, दिवसभर 'हां जी, पक्का', संध्याकाळी कुकरची एक शिट्टी. घराची आठवण आली की तो फोटो समोर घेऊन बसायचे. पण खरं सांगते, त्यात घर दिसायचंच नाही. सकाळी आठ वाजता लग्नाला निघाल्यासारखी कुणी बाई दिसायची.

मग वरच्या मजल्यावर इलोना राहायला आली. हंगेरीची. नवरा सेक्टर ३९ मधल्या संस्थेत संशोधनाला, आणि ही गळ्यात कॅमेरा अडकवून गावभर. तिकडे बेकरीत काम करता करता, कुणी न शिकवता फोटो काढायला शिकलेली. दर रविवारी ती शहराबाहेर मुल्लानपूरला, नवी बांधकामं चालली होती तिथे जायची. तिला हिंदी येईना, म्हणून मी दुभाषी.

तिथे एका अर्धवट इमारतीपाशी गवंडीकाम करणाऱ्या बायका जेवायला बसल्या होत्या. इलोनाने कॅमेरा उचलला आणि मी लगेच कामाला लागले. 'दीदी, केस नीट करा, तो डबा बाजूला घ्या, ओढणी झटका.' बायकाही उत्साहाने आवरून ताठ बसल्या. इलोनाने कॅमेरा खाली घेतला. रागावली नाही, एवढंच म्हणाली, "मला जे हवं होतं ते तू उचलून ठेवलंस."

मला आईच आठवली. लाज वाटली आणि रागही आला, कुणाचा ते कळेना. त्यानंतर मी तिच्याकडून एकच गोष्ट शिकले, थांबायला. माणसं आपल्याला विसरेपर्यंत गप्प बसून राहायचं.

त्याच महिन्यात बाबांचा फोन आला. स्वयंपाकघर पाडून नवीन करतोय, सोमवारी गवंडी येणार. आई ज्या ओट्यापाशी जन्मभर उभी राहिली, तिथला तिचा एकही फोटो आमच्याकडे नव्हता. मॅनेजर सुट्टी देईना. म्हटलं, हवं तर पगार कापा, मी जाणारच.

चार दिवस हातात होते. पहिल्या दिवशी आईने ओटा घासून लख्ख केला आणि साडी बदलून आली. दुसऱ्या दिवशी, "उष्ट्याखरकट्याचे कसले फोटो? वेड लागलंय का पोरी?" तिसऱ्या दिवशी मला दाराबाहेर काढलं. मी हटले नाही. चौथ्या दिवशी पहाटेपासून कोपऱ्यात पाटावर बसून राहिले. नऊच्या सुमारास ती मला विसरली. गाऊनवर टॉवेल, कपाळाला पीठ, खांद्यावर हळदीने पिवळं पडलेलं फडकं, भाकरी थापता थापता स्वतःशीच काहीतरी पुटपुटणं. मी एकच फोटो काढला. सोमवारी ओटा फुटला.

यंदा आई पहिल्यांदा चंदीगडला आली. भिंतीवरच्या त्या फोटोपुढे बराच वेळ उभी राहिली. "ते फडकं तरी काढायचं होतंस," म्हणाली आणि डोळे पुसले.

दुसऱ्या सकाळी ती माझ्या ओट्याशी भाकरी थापत होती. मी कॅमेरा घेतला तशी म्हणाली, "थांब." मला वाटलं, चालली साडी बदलायला. तिने बॅगेतून तेच पिवळं फडकं काढलं, खांद्यावर टाकलं आणि पुन्हा परातीकडे वळली.

तुमच्यापैकी जे आपल्या गावी राहिलेत आणि जे माझ्यासारखे गाव सोडून आलेत, त्यांना एवढंच सांगते. आता घर कुठे, असं कुणी विचारलं तर मी चंदीगड म्हणते. आईने जाताना ठेवलेलं ते फडकं इथे ओट्याजवळ खिळ्याला लटकतंय. पाहुणे आले तरी मी ते काढत नाही.