डिसेंबरातली छत्री

दोघींनी एक छत्री वाटून घेतलेली दिसली की मला ग्रीस आठवतं. सुमनला, म्हणजे आमच्या हिला, तिथला निळा समुद्र बघायचा होता. उन्हाळा टाळून डिसेंबर मी निवडला आणि तिने बॅगेत ठेवलेली छत्री मीच ऐटीत बाहेर काढून घरी ठेवली. "अगं, डिसेंबरात कुठे पाऊस असतो?"

तिथे तो हिवाळ्यातच असतो. पहिल्याच सकाळी समुद्र राखाडी, आम्ही चिंब. सहल बुडवली की मी! तेवढ्यात एका अनोळखी आजींनी सुमनला आपल्या छत्रीत ओढलं. एकीची भाषा दुसरीला येईना, तरी दोघी खिदळत निघाल्या. देश नकाशात सापडतो, त्याचा पाऊस मात्र अंगावरच घ्यावा लागतो.

सुमन वळून म्हणाली, "या हो सावकाश! डिसेंबरात कुठे पाऊस असतो?"