कुंडातलं खारं पाणी

मी अशा गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यातली नाही. आमच्या गोव्यात, पेडण्याच्या बाजूला, प्रत्येक वडाखाली कोणी ना कोणी बसवलेला असतो – देवचार, राखणदार, आणखी कोण कोण. माझी सत्तरी उलटली, वेळी-अवेळी सगळ्या वाटांनी चालले, मला एकही भेटला नाही. भेटला असता तर लाकडांची मोळी डोक्यावर चढवून दे म्हटलं असतं. तुमच्या या सदरात लोक लिहितात ते वाचते आणि बरेचदा हसते. आता तुम्ही मला हसा. शिक्षण माझं चौथी, मराठी शाळेतलं. घडलं तेवढंच लिहिते.

गावाचं नाव देत नाही, उगाच लोक बघायला येतील. इब्रामपूर माझं माहेर, तिथून फार लांब नाही एवढं पुरे. समुद्र मात्र लांब आहे, हे लक्षात ठेवा. गावात एक जुनं चर्च आहे. नवरा गेल्यापासून मी तिथे झाडते-पुसते. हिंदू बाई चर्च झाडते म्हणून सुरुवातीला दोन्हीकडचे लोक बोलले. मग कंटाळले.

मोठ्या दारातून आत गेलं की डाव्या हाताला, जनेलाखाली म्हणजे खिडकीखाली, एक दगडी कुंड आहे. लहान मुलाचा बाप्तिस्मा करतात तेव्हा त्यातलं पाणी त्याच्या डोक्यावर ओततात. एकाच काळ्या दगडातलं, कमरेएवढं उंच. कडेभोवती दगडातच जाड दोर कोरलेला – जहाजाला बांधतात तसा. त्याखाली पानं आणि मासे, एका माशाचं डोकं फुटलेलं. फादर म्हणतात, हे कुंड चर्चपेक्षा कितीतरी जुनं, कुठल्या तरी पडलेल्या चर्चमधून इथे आणलेलं. शहरातले शिकलेले लोक येऊन फोटो काढून जातात. मी ते नारळाच्या सोडणाने घासते. डोळे मिटून हात फिरवला तरी कुठला मासा कुठे ते सांगेन.

एरवी कुंड कोरडं असतं, वर लाकडी झाकण. बाप्तिस्म्याचं उरलेलं पाणी गटारात टाकायचं नाही, मागच्या माडाच्या मुळात ओतायचं, असं फादरनी पहिल्याच दिवशी सांगितलं. ते मला समजावून सांगायची गरज नव्हती. आपण तरी तीर्थ पायदळी टाकतो काय?

आता आंजेलीनबद्दल. ती माझी शेजारीण, मध्ये फक्त कुंपण. तिचा एकुलता एक मुलगा जुझे. त्याच्या बाप्तिस्म्याचं पाणी मीच विहिरीतून काढून त्या कुंडात भरलं होतं. आंजेलीन तेव्हा तापाने फणफणलेली, म्हणून पुढे कित्येक दिवस तो माझ्याच घरी असायचा. मोठा झाल्यावरही माझ्या ओट्यावर बसून पेज ओरपायचा. मालवाहू जहाजावर नोकरी लागली तेव्हा आईच्या आधी मला सांगितलं, कारण आई रडणार हे त्याला ठाऊक होतं.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. सकाळी कुंडाचं झाकण काढलं तर तळाला पाणी. पावसाचं नाव नाही, कौलं कोरडी. कोणीतरी चावटपणा केला म्हणून मी पुसून टाकलं. दुसऱ्या दिवशी जास्त. मी फादरकडे कुरकुरले. त्यांनी दारं स्वतः बंद केली, चावी स्वतःच्या उशाशी ठेवली. तरी सकाळी पाणी होतंच. बेळगावकडचा एक प्लंबर गावात राहतो, त्याला बोलावलं. त्याने ठोकून बघितलं, वाकून बघितलं. पाइप नाही, चीर नाही, तळाचं भोक शिसं ओतून कधीचं बुजवलेलं.

"मावशी, दगडाला घाम येतोय," तो म्हणाला.

"तुला येतो काय रे बाल्दीभर घाम?" मी विचारलं. तो हत्यारं गोळा करून गेला.

मग मी बोट बुडवून चाखलं... खारट. नुसतं खारट नव्हे, समुद्राचं. हरमलला गेलात आणि लाट तोंडात गेली तर जे लागतं ते.

काढलेलं पाणी मी रोज माडाच्या मुळात ओतत होते. माडाला मिठाचं भय नाही. आम्हीच उन्हाळ्यात मुळात मीठ घालतो.

एका सकाळी आंजेलीन मेणबत्ती लावायला आली आणि तिथेच तिच्या मोबाइलवर जुझेचा व्हिडिओ कॉल आला. जहाजावरच्या खोलीत बसला होता, पुढ्यात टेबलावर काचेच्या ग्लासात चहा. मला बघून म्हणाला, "मावशे, झाडू सोडलो नाय अजून?"

"तू जहाज सोड, मग मी झाडू सोडते," मी म्हटलं.

आंजेलीनने कौतुकाने त्याला कुंडातलं पाणी दाखवलं. तेव्हा मला दिसलं. कुंडातलं पाणी हळूहळू जनेलाच्या बाजूला चढलं... थांबलं... मग दाराच्या बाजूला चढलं. मी दगडावर हात ठेवला. दगड जराही हलत नव्हता. मोबाइलमध्ये बघितलं तर जुझेच्या ग्लासातला चहा तसाच एका बाजूला चढत होता, थांबत होता, दुसरीकडे जात होता. जहाज डोलतं, चहा हलतो, त्यात नवल नाही. पण दोन्ही एका तालात. मी आंजेलीनच्या हातातला मोबाइल धरून कुंडाच्या कडेला टेकवला. आंजेलीनचा चेहरा उतरला. मागून फादर आले होते, त्यांनीही बघितलं. छातीवर क्रूस केला.

"जुझे, उतर," आंजेलीन म्हणाली. "आताच्या आता उतर रे."

तो हसला. "मांय, उतरू खंय? चारीय बाजूंनी पाणीच."

मग त्याला आम्ही नीट दाखवलं – कुंड, मग त्याचा ग्लास बघायला सांगितला, मग पुन्हा कुंड. तो हसायचा थांबला. स्वतःच्या ग्लासाकडे बघत म्हणाला, "मांय, बंद कर ते."

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. त्याने आई आजारी आहे असं सांगून कप्तानाकडे सुट्टी मागितली होती. खरं काय सांगणार होता? गावच्या चर्चमधल्या कुंडात पाणी हलतंय म्हणून? कप्तान भला होता. पुढच्या बंदराला उतर म्हणाला. पण ते बंदर काही गावच्या तिठ्यावर नव्हतं. तोवर जहाजावरच राहायला हवं. त्याने तरी काय करायचं आणि आम्ही तरी काय करायचं.

आम्ही पाणी बघत बसायचो. फादरनी प्रार्थना केली. आंजेलीनच्या हातातली जपमाळ सुटली नाही. मी गुपचूप सातेरी देवीपुढे नारळ ठेवून आले. विश्वास नव्हता, पण घरात नारळ होता. पाणी रोज भरायचं, रोज डोलायचं, मी रोज उपसून माडाला घालायचे. न उपसता ठेवावं काय, असं एकदा मनात आलं. आंजेलीनला विचारलं तर म्हणाली, "काढ गे शेवंते, सगळं काढ. थेंब ठेवू नको. त्याच्या पायांखालचं कमी होऊ दे." मला ते पटलं. तुम्हालाही पटलं असतं.

मग एका सकाळी झाकण उघडलं तर कुंड कोरडं. ओल नाही, डाग नाही. मी पुन्हा पुन्हा फडका फिरवून बघितला. गुडघे दुखतात तरी कुंपणापर्यंत पळत गेले. आंजेलीन पायरीवर बसून हसत होती आणि रडत होती. टळलं, असंच आम्हाला वाटलं. तिने गूळ किसून दोदोल शिजवायला घेतलं. मी नारळाचा रस काढून दिला. गरम गरमच खाल्लं आम्ही दोघींनी, जीभ भाजली.

संध्याकाळी जहाज कंपनीच्या एजंटचा फोन आला. जुझे सकाळी ड्यूटीवर गेलाच नव्हता. सगळं जहाज शोधलं, मागे वळवून पाण्यात शोधलं. कोणी पडताना बघितलं नाही, कोणी ओरडताना ऐकलं नाही. समुद्र शांत होता. एवढा शांत की त्याच्या टेबलावर चहाचा ग्लास काठोकाठ भरलेला होता आणि एक थेंब सांडला नव्हता. बंदर दुसऱ्या दिवशी यायचं होतं.

तो मिळाला नाही. फादरनी फोटो ठेवून त्याच्या आत्म्यासाठी मीस केली. कबरस्तानात जागा आहे, पण पुरायला काही नाही. त्या मीसनंतर आंजेलीन माझ्याकडे आली आणि दारातूनच विचारलं, "त्यातलं थोडं तरी ठेवलंस काय गे?"

कशातलं, हे मला विचारावं लागलं नाही.

"नाही," मी म्हटलं. "सगळं माडाला घातलं."

तिने मान हलवली. तेव्हापासून ती मेणबत्ती घेऊन चर्चच्या मागे जाते आणि त्या माडाखाली बसते. मी सांगितलं, वरून नारळ पडेल डोक्यात. म्हणाली, पडू दे. पाडेली नारळ काढायला येतो तेव्हा तेवढी बाजूला होते, तो उतरला की परत जाऊन बसते.

फादरनी शिकलेल्या लोकांना विचारलं. कोणी म्हणाले दगडात मीठ असतं, कोणी म्हणाले हवेतली ओल. पाणी का डोललं, ते कोणी सांगत नाही. कुंड अजून तिथेच आहे. बाप्तिस्मा असला की पाणी मीच भरते आणि भरून झालं की थोडा वेळ उभी राहते. सपाट असतं.

मध्ये पाडेल्याकडून त्या माडाचा एक नारळ मागून घेतला. घरी आणून फोडला आणि पाणी प्याले. गोड होतं. आमच्या दारातल्या माडापेक्षाही गोड. एवढं सगळं मीठ गेलं कुठे, मला कळलेलं नाही. तुमच्यापैकी कोणाला ठाऊक असेल तर कळवा. आंजेलीनला सांगायला काहीतरी होईल.