मुगवड्यांचं फडकं आणि बाबांचं इंजिन

आमच्या घरात सगळ्यांत जास्त मान ट्रेलरच्या इंजिनाला आहे. त्यानंतर बाबांचा नंबर लागतो, आणि माझा तर लागतच नाही.

बाबांनी गडचांदूरचं सिमेंट वाहत उभी हयात हाच ट्रेलर चालवला. किलोमीटरचा काटा कधीच थकून बंद पडला, पण इंजिन एकदाही खोललेलं नाही! ऑइल पाहिल्याशिवाय चावी फिरवायची नाही, डिझेल फिल्टरमधलं पाणी काढल्याशिवाय निघायचं नाही, चढ चढून आलं की थोडा वेळ तसंच चालू ठेवून निववायचं. गुडघे गेले तेव्हा चावी माझ्या हाती देताना ते म्हणाले,

"ज्या दिवशी याचं हेड खोललं, त्या दिवशी गाडी विकून टाक. मले पाहवणार नाई."

मी ठरवलं, बाबांपेक्षा एक पाऊल पुढं जायचं. (इथूनच घात झाला.) दसऱ्याला गाडी धुतली, नवा एअर फिल्टर टाकला. पण सिमेंटच्या धुळीचं काय? स्वयंपाकघरात दोरीवर एक पांढरं सुती कापड दिसलं. ते दुहेरी करून केबिनमागच्या हवेच्या उंच पाइपाच्या तोंडावर, टोपीखाली, तारेनं आवळलं. आता धुळीचा कणही आत जाणार नाही! कुणाला सांगितलं नाही. चांगल्या कामाचा गवगवा कशाला?

पुढच्या आठवड्यात माल भरताना अवकाळी सर येऊन गेली. मग एटापल्लीच्या वाटेवर गाडीला दम लागला. काळाकुट्ट धूर! सायकलवाले मागं वळून बघत पुढं जात होते. कसाबसा माल उतरवून कोरपन्याला घरी आलो आणि अंगणात उभ्या उभ्या जाहीर केलं, "बाबा, इंजिन गेलं."

बाबा मटकन खाटेवर बसले. आईनं पदर डोळ्यांना लावला.

फक्त माझी बायको म्हणाली, "अवो, माह्यं मुगवड्या घालाचं फडकं पाह्यलं का?"

"इथी इंजिन मरून राह्यलं, आन तुले फडक्याची पडली!"

सकाळपर्यंत बातमी गावभर. माणसं भेटायला येऊ लागली. मावशीनं तर पिठलं-भाकरीचा डबा आणला, चूल पेटली नसेल म्हणून! प्रत्येक जण हळू आवाजात विचारायचा, "कसं झालं?" आणि मी प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचो. बाबा मात्र बॉनेटवर हात ठेवून उभे होते, आणि ते बघून मला खरंच भडभडून आलं.

रफिकभाऊ मिस्त्री पाने घेऊन आले.

"एअर फिल्टर पाह्यला का?"

"नवाकोरा हाये, भाऊ!"

त्यांनी काढून पाहिला. बसवला तेव्हा होता तसाच पांढराशुभ्र. "अजब हाये," ते पुटपुटले. "सिमेंटवरच्या गाडीत धूळच नाई?"

"देखभाल!" मी म्हणालो.

शेवटी त्यांनी हेडच्या बोल्टला पाना लावला. बाबांनी तोंड फिरवलं. तेवढ्यात बायको दारात आली.

"आता तरी सांगा. पांढरं, सुती, दसऱ्यापासून सापडून नाई राह्यलं. कुठी ठेवलं?"

मी हळूच वर पाहिलं. माझ्याबरोबर मिस्त्रींनी पाहिलं, मग मावशीनं, मग सगळ्या गावानं.

"थांबा, भाऊ," मी कसाबसा म्हणालो.

मिस्त्री वर चढले. पाइपाची टोपी काढून त्यांनी फडकं उपसलं आणि पान्यानं वाजवलं. टणटण! धूळ त्यात बसली, टोपीच्या फटींतून पाऊस झिरपला आणि उत्तम दर्जाचं सिमेंट जागेवर जमलं होतं.

"काऊन रे," बाबा म्हणाले, "श्वासच कोंडला त्याचा?"

चावी त्यांनीच फिरवली. धूर गेला, आवाज मोकळा झाला. मी पाय धरायला वाकलो, तर ते मला ओलांडून बॉनेटकडे गेले आणि त्यावरून हात फिरवत राहिले. डोळे पुसत होते. हसत होते की रडत, कळलं नाही.

मिस्त्रींनी पाने गुंडाळले. "इंजिन झकास हाये, बाबा. खोलाचंच असन त पोराचं टाळकं खोलून पाहा."

त्या वर्षीच्या मुगवड्या माझ्या नव्या लुंगीवर वाळल्या. मला गच्चीवर राखणीला बसवलं होतं. खाली बाबा उगाचच इंजिन चालू करून ऐकत बसले होते.

जिना उतरताना बायकोनं बजावलं, "फक्त कावळे हाका. वड्यांची काळजी घेऊ नका!"