गाठोड्यात गेलेलं पत्र

माझ्या वरच्या खोलीत राहणाऱ्या बाईला मी गाठोडेवाली म्हणते. ती राहायला आली त्या गुरुवारच्या माझ्या रोजनिशीतल्या नोंदीतही तसंच आहे, कारण "काम काय करता?" या माझ्या प्रश्नावर ती म्हणाली होती, "गाठोडी बांधते, काकू."

"कपड्यांची?"

"कामांची. एखाद्या ऑफिसात दोनशे कॉम्प्युटर असतात. प्रत्येकावर तीच तीच तयारी हातानं करत बसलं तर माणूस वेडा होईल. म्हणून पायऱ्या एकदाच नीट लिहायच्या, मग मशीनच त्या दोनशे ठिकाणी पार पाडतं. त्या पायऱ्यांचं गाठोडं बांधायचं, वर नंबर घालायचा आणि इंटरनेटवर सगळ्यांसाठी फळी असते, तिच्यावर ठेवून द्यायचं. ज्याला हवं त्यानं न्यावं."

"फुकट?"

"फुकट. पोटासाठी नोकरी आहे ना."

चाळिशीची, एकटी, चष्मा कपाळावर ठेवून घरभर तोच शोधणारी. आठवडाभर नोकरी आणि रविवारी सकाळी गाठोडं. खिडकीशी टेबल, त्यापाशी दोन खुर्च्या. दुसरीवर कोणी बसलेलं मी कधी पाहिलं नाही; पण पुसताना ती आधी तीच पुसते.

हे गाठोडं तिनं आणि तिच्या धाकट्या भावानं मिळून सुरू केलं होतं, वडिलांच्या घरी, याच टेबलावर. चार वर्षांपूर्वी त्यानं जुन्या मशीनांसाठी लिहिलेला भाग तिनं काढून टाकला. कोणी वापरत नव्हतं, म्हणून. त्याला विचारलं नाही. "विचारलं असतंस तर मीच काढला असता," एवढंच तो म्हणाला. मग दूर नोकरीला गेला आणि हिचा फोन उचलेनासा झाला.

"मग परत घाल की तो भाग," मी म्हटलं.

"नव्या नंबरात घालता येईल. पण जो नंबर बाहेर गेला तो गेला. त्यात कानामात्राही बदलत नाही."

हे मला पटलं. शाळेत सिस्टरनी रोजनिशीची सवय लावली तेव्हा नियमच घातला होता: चुकलं तर एक रेघ मारायची, पान फाडायचं नाही.

"करणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव अजून पहिलं आहे," ती म्हणाली. "नवा नंबर निघाला की त्याला आपोआप कळतं. ते बंद करायला एक बटण असतं. त्यानं ते दाबलेलं नाही."

त्या न दाबलेल्या बटणावर तिनं चार वर्षं काढली होती.

पाच मेच्या रविवारी ती जिना उतरून आली ती पांढरीफटक. भावाला लिहिलेली, न पाठवलेली पत्रं ती गाठोड्याच्याच फोल्डरमध्ये ठेवायची. गाठोडं बांधणारा प्रोग्राम फोल्डरमधलं सगळं उचलतो; काय वगळायचं त्याची यादी आपण द्यायची असते. यादीत 'पत्र' ही फाइल होती. ती फार लांबली म्हणून आदल्या दिवशी हिनं 'पत्र-दोन' उघडली आणि ते नाव यादीत घालायला विसरली.

"जगभर गेलं, काकू."

"काय लिहिलं होतंस?"

"सात पानं आहेत. शेवटी, टेबल इथं आणलंय, तुझी खुर्चीही आणलीय, ये."

"जगाला आपली भाषा वाचता येते?"

"नाही."

"मग वाचणारा एकच आहे."

"तरी फळीवाल्यांना कळवते. ते हा नंबर काढून टाकतील."

तेव्हा मी तिला जे कोणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. माझी वही एकेचाळीस वर्षं जेवणाच्या टेबलावर असायची. यांनी ती कधी उघडली नाही. फार सभ्य माणूस. "मी वाट बघत होते गं," मी म्हटलं.

तिनं वर जाऊन पत्र वगळलेला नवा नंबर काढला; जुन्याबद्दल कोणालाच कळवलं नाही.

तीन रविवार काही नाही. कुणा परक्या माणसाचा तेवढा निरोप आला: आतली एक फाइल आमच्या मशीनांवर चालत नाही, काय करावं? "आमच्याकडेही चालली नाही म्हणून कळव," मी म्हटलं. ती हसली, पण डोळे स्क्रीनवरच.

चौथ्या रविवारी भावानं दुरुस्ती सुचवली. अशी दुरुस्ती कोणीही सुचवू शकतो; घ्यायची की नाही ते हिनं ठरवायचं. एकच ओळ होती: नाव 'पत्र'पासून सुरू होणारी कुठलीही फाइल वगळावी. सोबत अक्षर नाही.

आठ दिवस झाले तरी हिनं ती घेतली नाही.

"अगं, घे की."

"घेतली की ती झालेल्या कामांत जाते, काकू. तशीच राहिली तर पान उघडल्या उघडल्या त्याचं नाव दिसतं."

काल, नवव्या दिवशी, त्याखाली त्याचं वाक्य आलं: "घे, नाहीतर काढून टाक. मला न विचारता."

चार वर्षांतलं पहिलं. फोन माझ्यापुढे धरून ती म्हणाली, "टोमणा आहे."

"चांगला सणसणीत आहे."

"लहानपणापासून असाच आहे मेला," असं म्हणून तिनं कपाळावरचा चष्मा काढून पुसला. मग माझ्याच स्वयंपाकघरात बसून खूप लिहिलं, खूप खोडलं. माझा चहा निवला. शेवटी तिनं पाठवलं ते इतकंच: "विचारते आहे. घेऊ का?"

आज अकरा जून, मंगळवार. उत्तर अजून आलेलं नाही. ती कामावर गेलेली नाही. वर खुर्ची सरकवल्याचा आवाज येतो आहे. आधी एक, मग दुसरी.