कड्याची खालची बाजू

"आमचं पाणी खाली गेल्यावर दिसतं कसं, तेवढं मला एकदा बघायचंय," असं चिमाबाई म्हणाली तेव्हा तिच्या दोन्ही मुठींत मंचरच्या एका बँकेत नोकरी करणाऱ्या बाईचे घोटे होते.

त्या बाईचं नाव तेजस्विनी. ती कड्याच्या काठावर पालथी पडून खाली बघत होती आणि चिमाबाई मागे उकिडवी बसून तिचे पाय धरून होती. वाट दाखवायची तिची रीतच तशी. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाला, भीमाशंकरच्या अभयारण्यात, जिथे जमीन अचानक संपते आणि खाली कोकण सुरू होतं, तिथून हाकेच्या अंतरावर तिची वस्ती. चौऱ्याण्णव-पंच्याण्णवपासून पावसाळ्यात सुट्टीच्या दिवशी पुण्याकडची माणसं पाठीवर पिशव्या टाकून धबधबे बघायला यायला लागली. हिरडे गोळा करून करून रानातली प्रत्येक वाट चिमाबाईच्या पायाखालची झालेली, त्यामुळे लोक तिलाच शोधत यायचे. तिचा एकच नियम होता. कड्यावर उभं राहून बघायचं नाही. पालथं पडायचं आणि घोटे तिच्या हातात द्यायचे. एका धिप्पाड वकिलानं एकदा विचारलं होतं, मावशी, मी घसरलो तर तुम्हीपण येणार की माझ्याबरोबर. ती म्हणाली, "म्हणून तर घट धरते, राव."

पण पालथं पडूनही कुणाला धबधबा दिसायचा नाही. ओढा कातळाच्या ओठापर्यंत यायचा, क्षणभर काचेसारखा वाकायचा आणि धुक्यात नाहीसा व्हायचा. खालून नुसता आवाज यायचा, तोही वाऱ्याच्या मर्जीनं. पाणी जाताना दिसायचं, पडताना नाही. वस्तीत धबधबा हा शब्दच नव्हता. तिथं म्हणत, पाणी जातं.

आता यातली गंमत अशी की कड्याला लागून खाली उतरणारी जुनी पायवाट आहे. वस्तीतले बाप्ये पौषात त्या वाटेनं खाली कोकणातल्या म्हसा गावच्या जत्रेला बैल घ्यायला जातात. पण पौषात कडा कोरडा असतो. जिथं पाणी पडत असेल तिथं काळा पट्टा तेवढा दिसतो, चूल विझल्यावर भिंतीवर राहतो तसा. आणि मृग लागला की वाट बंद. पूर्वी कधीतरी बैलासकट माणूस गेला, तेव्हापासून वाटेच्या तोंडावर करवंदीचं जाळं तोडून आडवं टाकतात. त्याला काटी लावणं म्हणतात. दसऱ्याला काटी निघते. मधल्या चार महिन्यांत उतरायचं नाही. म्हणजे पाणी असतं तेव्हा कुणी खाली जात नाही आणि माणसं खाली जातात तेव्हा पाणी नसतं. पिढ्यान् पिढ्या त्या ओढ्यावर भांडी घासणाऱ्या माणसांपैकी एकानंही आपलं पाणी पडताना पाहिलं नव्हतं.

याचं कुणाला काही वाटतही नव्हतं. चिमाबाईला वाटायला लागलं ते पाहुण्यांमुळे. कोकणातून फिरून आलेली पोरं सांगायची, मावशी, तुमच्या कड्याला खालून बघा, काय दिसतो. आणि नक्की कसा दिसतो म्हटलं की हात पसरायची. ते पसरलेले हात चिमाबाईच्या मनात राहिले. स्वतःच्या घराची मागची भिंत फक्त शेजाऱ्यांनी पाहिलेली असावी तसं तिला व्हायचं.

हे दोन हजार एक सालचं. चिमाबाई अठ्ठावन्न वर्षांची होती आणि उजवा गुडघा बोलायला लागला होता. तेजस्विनी कड्यावरून उठली, अंगावरचं गवत झाडलं आणि म्हणाली, चला, आत्ताच उतरू दोघी, मी दोर आणलाय.

चिमाबाईनं मान हलवली. "काटी मीच लावते दरसाली. मीच वलांडली तर बाकीच्यांनी कशाला थांबायचं?"

मग उरली एसटी. वस्तीवरून पहाटेची मुक्कामी गाडी घोडेगावला, तिथून नारायणगाव, तिथून कल्याणची गाडी धरून मढवरून माळशेज घाट उतरायचा, मुरबाडला बदलायचं, म्हसा, आणि पुढे जीप मिळाली तर जीप. खालच्या गावात भिका नावाचा शेतकरी होता. चिमाबाईचा नवरा तुळशीदास याची त्याच्याशी बैलांच्या जत्रेतली वीस वर्षांची ओळख. त्याच्याकडे दोघींनी उतरायचं ठरलं.

तुळशीदासला हे कळलं तेव्हा तो रोपांच्या पेंढ्या सोडत होता. जुलैचा दुसरा आठवडा, आवणी ऐन भरात. चिखल करून त्यात भाताची रोपं लावायचे हे दिवस, या दिवसांत आजारी माणूससुद्धा खाचरात उतरतं. घरात माणसं दोनच; मुलगा राजरत्न भोसरीला कंपनीत. तुळशीदासनं हातातली पेंढी सोडून संपवली. मग म्हणाला, "हाकेच्या अंतरावरचं पाणी बघायला दोनशे किलोमीटर जाणारी बाई म्या पयल्यांदा बघतोय."

"बघा मग नीट," चिमाबाई म्हणाली.

त्यानं बजावलं की ओढ्याकाठचं खाचर राहिलंय, ते तो शनिवारी लावणार, ती असो नसो. चार बाया सावडीनं बोलवीन, त्यांचं काम मागनं फेडीन, तुझी वाट बघणार नाय. आवणी कुणासाठी थांबत नसते. चिमाबाईला ते मान्य होतं. त्याचं चुकत नाही हेच तिला टोचत होतं. तरी शनिवारी पहाटे ती नव्या लुगड्यात, पायात त्याचेच गमबूट घालून गाडीत बसली. तुळशीदास दारात आला नाही.

प्रवासभर ती खिडकीशी होती. तेजस्विनी सांगते की एवढं हसताना तिनं चिमाबाईला कधी पाहिलं नव्हतं. आयुष्यभर लोकांना वाट दाखवलेली बाई आज तिकीट काढून दुसऱ्यानं नेल्यासारखी चालली होती, आणि तिला ते फार आवडलं. माळशेजच्या घाटात गाडी थांबली, लोक रस्त्यावर पडणाऱ्या पाण्याखाली उभे राहून नाचत होते. कंडक्टर म्हणाला, मावशी, बघून घ्या. तिनं बघितलं आणि सांगितलं की हे चांगलंय, पण हे कुणाचंतरी दुसऱ्याचंय.

संध्याकाळी त्या भिकाच्या घरी पोचल्या. कडा मात्र कुठेच नव्हता. जिथं असायला हवा तिथं राखाडी आभाळ जमिनीपर्यंत आलेलं. रविवारी सकाळीही तसंच. चिमाबाई पडवीत खांबाला टेकून बसली आणि त्या राखाडीकडे बघत राहिली. भिकाच्या बायकोनं, साळुबाईनं, तीनदा चहा दिला. सोमवारी तेजस्विनीची बँक होती, दुपारची जीप चुकवून चालणार नव्हतं.

साडेअकराच्या सुमारास वारा फिरला. ढग खालून वर गुंडाळत गेला आणि कडा उभा राहिला. दिवसाच्या मधोमध एवढं मोठं काळं काहीतरी. आणि त्यावर पाच धबधबे, शेजारी शेजारी, पांढरे, सारखेच.

भिका म्हणाला, "हा आमच्या गावचा कडा. वनखात्यानं पाटी लावलीय, गावाच्या नावानं."

चिमाबाईची नजर कड्यावरून हलेना. साळुबाईला वाटलं, आनंदानं. पण तेजस्विनीनं तिचा चेहरा पाहिला. वर असताना ही बाई धुक्यात पायाच्या स्पर्शावरून ओढे ओळखायची, याचा गोटा गुळगुळीत, त्याच्यात शेवाळ. खालून तिला पाचांतला एक ओळखता येत नव्हता.

तेजस्विनीनं बोटं मोजली. वरून आपला डावीकडून दुसरा, म्हणजे खालून उजवीकडून दुसरा. पण मध्ये एखादा ओढ्याचा नसून नुसत्या पावसापुरता असेल तर? चिमाबाई म्हणाली, अंदाजानं आपलं म्हणायचं नाही.

"त्यात काय एवढं," भिका म्हणाला. "पाचातला कुठलाबी घ्या, पावणं. आमच्याकडनं भेट."

सगळे हसले. चिमाबाईही हसली, पण उशिरा. मग ती पुन्हा खांबाला टेकली. दोन दिवस, चार गाड्या, आवणीत एकटा टाकलेला नवरा, आणि हातात पाच अनोळखी पांढऱ्या रेघा. तेजस्विनीनं घड्याळ पाहिलं आणि पटकन हात खाली घेतला.

तेवढ्यात उजवीकडून दुसऱ्या धारेचा माथा मळकट झाला. आधी वाटलं ढगाची सावली. मग तो मळकटपणा खाली उतरत गेला, तांबूस झाला, आणि बघता बघता चार पांढऱ्या धारांमध्ये एक धार लाल, वरपासून खालपर्यंत.

भिका वैतागला. "घ्या. वरच्यांनी चिखलणी लावली. दर आवणीला आमच्या ओढ्याचा चहा करून सोडत्यात."

चिमाबाई खांब धरून उभी राहिली. "आज वार कोणता?"

"रविवार," तेजस्विनी म्हणाली.

वस्तीतली बाकीची खाचरं पलीकडे उतरतात, नदीकडे. कड्यावर जाणाऱ्या ओढ्याला लागून जमीन आहे ती एकट्या तुळशीदासची.

"काल लावणार व्हते," चिमाबाई म्हणाली. "म्हातारं थांबलं."

ते तिनं कुणाला उद्देशून म्हटलं नव्हतं. मग तिला हसू फुटलं, तोंडावर पदर धरूनही आवरेना. तेजस्विनीनं भिकाला समजावून सांगितलं की तो चिखल यांच्या खाचराचा आहे, आत्ता वर यांचे मालक बैल फिरवतायत.

भिकानं एकदा धारेकडे, एकदा चिमाबाईच्या कपबशीकडे पाहिलं. "म्हंजे आमचं पाणी नासवणारी बाई आमच्याच पडवीत चहा पितीय व्हय?"

साळुबाई म्हणाली, वीस वर्षं शिव्या देत होतात, आता तोंडावर द्या. त्यानं दिल्या नाहीत. उलट त्याला उत्साह आला. वरचे या पाण्याला काय म्हणतात, नाव काय, पाटी तुमच्या नावानं हवी की आमच्या, जेवून जा, जीप दुसरी मिळेल, पण आधी हे सांगा की पाणी नक्की कुणाचं. तेजस्विनीनं सरळ वस्तीची बाजू घेतली. भिका म्हणाला, वर उगवतं तेवढ्यानं काय होतं, पडतं तर आमच्यात. साळुबाईनं दोघांनाही वेड्यात काढलं आणि चिमाबाईकडे वळून विचारलं, तुमीच सांगा बाई, काय ते.

चिमाबाईनं कपबशी जमिनीवर ठेवली. गमबूट काढून भिंतीशी लावले. चिखलात उतरताना खोचतात तसं नवं लुगडं गुडघ्यापर्यंत वर खोचलं, आणि लाल धारेवरची नजर न काढता ती पडवीतून बाहेर पावसात, त्या धारेच्या ओढ्याकडे निघाली, आपल्या खाचराच्या चिखलात पाय बुडवायला.