सोमवारचं पापलेट

होडीत चढवताना आईने मला जवळ घेतलं नाही. गुडघाभर पाण्यात उभी राहून तिने होडीची कड धरली आणि हुकूम सोडला, “काय जेवलंस ता रोज लिव. बाकी काय लिवलंस नाय तरी चलात. प्वाट भरलेला माणूस रडणा नाय.” खोल पाण्यात मुंबईची बोट उभी होती. होडी हलली तशी तिने कड सोडली, लुगड्याचा ओला ओचा पिळला आणि मागे न बघता वाळूवरून चालू लागली. वडील गेल्यापासून तिने रडायला सवड काढलीच नव्हती.

गावात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारख्याच भाऊच्या धक्क्यावर उतरून इथलेच झालेल्यांनो, तुम्ही मला हटकून विचारता, की एवढ्या वयात ही बाई जेवली की कॅलेंडरच्या पानामागे काय खरडत बसते? आणि निवृत्त होऊन गावी का येत नाही? सांगते. गोड काही नाही त्यात, आधीच सांगून ठेवते.

काकाचं बिऱ्हाड गिरगावात, एका वाडीत, दोन खोल्यांचं. काका कचेरीत कारकून. मला शाळेत घातलं, एवढं त्याचं खरं. बाकी राज्य काकूचं. तिच्या भिंतीवर रोज एक पान फाडायचं कॅलेंडर होतं. फाडलेलं पान चुलीत जायचं, ते मी मागून घेतलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलने त्या दिवशी काय जेवले ते लिहू लागले. पान लहान, पण मला पुरायचं. ‘सकाळचा भात, रस.’ ‘भाकरी, कांदा.’ ‘भात, रस.’

रस म्हणजे मासळीच्या कालवणाचा. दारात कोळीण बसायची, काकू घासाघीस करून सुरमई घ्यायची, पापलेट घ्यायची. साफ मी करायची, वाटण मी वाटायची. तुकडे काका, काकू आणि त्यांच्या दोन मुलांचे. मला रस. “मुलीच्या जातीने तुकड्याची सवय लावून घेऊ नये,” काकू म्हणायची. “उद्या सासरी काय वाढून ठेवलंय कोणाला ठाऊक!” जशी काही माझी काळजीच वाहत होती बया!

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. काका चौपाटीवरच्या सभेतून घसा बसवून घरी यायचा, मिठाच्या पाण्याने गुळण्या करायचा आणि पाटावर बसून पुन्हा तेच, अन्याय म्हणून सहन करणार नाही, आपल्याच मुंबईत आपण उपरे का! मी वाढत असायची. एकदाच त्याची नजर माझ्या ताटलीकडे गेली. “अगं, हिला एखादा तुकडा...” एवढंच म्हणाला. काकू म्हणाली, “तुम्ही आधी तुमची मुंबई मिळवा. स्वयंपाकघर माझं आहे.” काकाने मान खाली घातली आणि काटे काढू लागला. मुरारजींच्या सरकारला न घाबरणारा माणूस, पण काकूच्या हातातल्या डावेपुढे त्याची बोबडी वळायची.

आईला कार्ड घालायचा दिवस आला की मी पानं पुढ्यात घेऊन बसायची. पहिलंच कार्ड काकूने वाचलं आणि टराटरा फाडलं. “अगं भवाने, कार्ड उघडं असतं! पोस्टमन वाचतो, गावचा मास्तर वाचतो. ‘सकाळचा भात’ काय? आमची अब्रू वेशीला टांगतेस?” मग ती सांगणार आणि मी लिहिणार, अशी रीत पडली. रविवारी सुरमईचं कालवण. बुधवारी तळलेले बोंबील. शुक्रवारी कोलंबीभात. त्यात खोटं काही नव्हतं, तेच रांधलं होतं. फक्त जेवलं कोण, ते बदललं होतं.

गावात मास्तर ते कार्ड आमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, मोठ्याने वाचायचे. आईला अक्षर येत नव्हतं. बायका जमायच्या, गालाला हात लावायच्या. चेडू नशिबाचा म्हणून! आई इतकी भारावली की बोटीने येणाऱ्या प्रत्येकाबरोबर काकूसाठी कुळथाचं पीठ, कोकमं, आंबोशी पाठवू लागली. घरातलं वर्षाचं होतं ते पाठवत होती ती. डबे भरले आणि काकूने झाकणं लावली.

खरं लिहायची सोय नव्हती. भरल्या खळ्यात आईची मान खाली गेली असती. मग मला सोमवार आठवला. लहानपणी मी तापाने मरता मरता वाचले होते, तेव्हा आईने रामेश्वराला बोलून ठेवलं होतं, की पोर जगली तर जन्मात सोमवारी मासळीला शिवणार नाही. मी कधी शिवलेही नव्हते. सुकटीचा वास असलेल्या भांड्यातलं पाणीसुद्धा प्यायले नव्हते. मी सोमवार मोडणं शक्य नाही, हे जगात एकाच माणसाला पक्कं माहीत होतं. काकूने वाचलेलं कार्ड घेऊन मी टपालपेटीकडे निघाले आणि वाटेत एका ओट्यावर टेकवून कोपऱ्यात पेन्सिलने भर घातली, ‘सोमवारी पापलेट.’ आई ऐकेल, म्हणेल हे कार्ड खोटं आहे, आणि मला घेऊन जाईल. शाळा गेली तर गेली. एवढी मोठी अक्कल चौदा वर्षांच्या डोक्याने लढवली होती.

मग वाट बघणं आलं. त्यातच शहर पेटलं. गोळीबार झाला, संचारबंदी लागली, कोळीण येईना, टपाल येईना. घरात डाळीचं पीठ आणि तांदूळ तेवढे होते. पिठलं-भात सगळ्यांना एकसारखा. बाहेर माणसं मरत होती आणि मी काकूच्या घरात पहिल्यांदा घरच्यांसारखी जेवत होते. त्या दिवसांची पानं कार्डावर उतरवताना काहीही बदलावं लागलं नसतं. हे लिहितानाही लाज वाटते, पण खरं ते खरं.

टपाल सुरू झालं आणि आईचं कार्ड आलं, मास्तरांच्या अक्षरात, मास्तरांच्या भाषेत. काकूने आधी वाचलं, मग माझ्या अंगावर फेकलं. ‘तू सोमवार मोडलास हे ऐकून आईस वाईट वाटले. परंतु ती तुजवर रागावलेली नाही. ज्यांचे अन्न खावे त्यांची रीत पाळावी लागते. देवाचा दोष तुला लागू नये म्हणून ती यापुढे सोमवारी अन्न घेणार नाही. केवळ पाणी घेईल.’

मी न खाल्लेल्या पापलेटासाठी माझी आई उपाशी राहणार होती! आणि मी तिला थांबवूही शकत नव्हते, कारण काकूने “सोमवारी कुणी घातलं गं तुला पापलेट?” म्हणत माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली आणि त्या दिवसापासून कार्डं स्वतः लिहू लागली, स्वतः पेटीत टाकू लागली. सुट्टीतही ती मला गावी धाडत नव्हती, घरकाम कोण करणार! गावी जाणाऱ्याकडे निरोप द्यायचा, तर काकू दारात उभी. आणि निरोप तरी काय देणार? ‘सोड उपास’ म्हटलं की ‘का’ सांगावं लागलं असतं.

महाराष्ट्र झाला, मुंबईसह झाला. वाडीत पेढे वाटले. काका ढसाढसा रडला. माझ्या वाट्याला अर्धा पेढा आला, तो मी पानावर लिहिला. त्याच वर्षी मॅट्रिकचा निकाल घेऊन मी बोटीने गावी गेले.

आईच्या मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. तिने मला पेडव्याचं, म्हणजे गावच्या स्वस्त बारक्या मासळीचं, तिखलं वाढलं, त्यातले मोठे मोठे मासे सगळे माझ्या ताटात. समोर बसून म्हणाली, “सोमवारी नुसत्या पाण्यार रवलंय. देव पावलो बाय, पास झालंस.” मी तोंड उघडलं होतं, सगळं सांगायचं ठरवून आले होते. तेवढ्यात ती थोडी पुढे झुकली आणि लहान पोरीसारखं विचारलं, “पापलेट लागता कसा गो?”

तिने आयुष्यात खाल्लं नव्हतं. आमच्याकडची चांगली मासळी सगळी मुंबईला जायची.

“गोडसा असता,” मी म्हटलं. “काटे कमी.” काट्यांची माहिती मला पक्की होती, उष्टी ताटं मीच उचलायची. आई समाधानाने हसली.

मी परत आले, परळला नर्स झाले, भोईवाड्यात स्वतःची खोली घेतली. आई गेली. गावी गेले की म्हाताऱ्या बायका अजून म्हणतात, “मुंबैत काय चंगळ होती गो तुझी!” तिथे कुठल्या तोंडाने राहू? माझं घर ही भोईवाड्यातली खोलीच. इथे जे जेवते तेच लिहिते आणि कोणी तपासत नाही. फक्त सोमवारच्या पानावर पहिली ओळ माझी नसते. ‘आई, नुसतं पाणी.’ माझी डाळ-भाकरी तिच्या खाली.